झाकण न उघडता मुखेडपर्यंत

जळकोट, १८ नोव्हेंबर २०२४

वर्षाराणी,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, यावर दोन कागद फाडून झाले. तिसरा फाडायचा नाही, म्हणून तो विषय सोडतो. हे पत्र कामाचं आहे.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. तुझी अव्वा रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलते. तिलाही तू दम दिलाय म्हणे, अप्पांचं नाव काढलं तर फोन ठेवीन. ती बिचारी इमानदारीने नवऱ्याचं नाव काढत नाही. माझ्यासमोर बसून तुला गल्लीतल्या म्हशींचीसुद्धा खुशाली सांगते आणि मी घरात नसल्यासारखा चहा पीत बसतो. पोस्टमनला काही तुला बंद करता येत नाही, म्हणून हा मार्ग धरला.

काम असं आहे. मी येझदी पुन्हा उभी केली. हो, तीच. तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, गणपतीत ताडपत्री काढली. पुढचे दोन्ही फोर्क वाकले होते, ते उदगीरला नेऊन सरळ करून आणले. हँडल बदललं. टाकीचा पोचा आतून ठोकून काढला, त्यालाच तीन दिवस गेले. टाकीचं झाकण पार चेपलं होतं, तसलं आता कुठं मिळत नाही. उदगीरच्या सिद्धरामने त्याच्या लेथवर पितळेचं नवं करून दिलं. दसऱ्याला किक मारली आणि दुसऱ्या किकला सुरू झाली. मी एकटाच मुखेडला जाऊन आलो, जाता-येता कुठं अडखळली नाही. समोरच्या टपरीवरचा श्रीमंत चहा गाळायचा सोडून बघत उभा होता.

दिवाळीनंतर मात्र तिने दम सोडायला सुरुवात केली. गॅरेजात लावून ठेवली तर बराच वेळ धडधडते, तक्रार नाही. रस्त्यावर काढली की पहिले काही किलोमीटर झकास जाते, आणि मग मूठ कितीही पिळा, आवाज बारीक होत जातो आणि गाडी गप्प. पहिल्यांदा वीस किलोमीटरवर झालं, मग पंधरावर. आता अकरावर आलंय. हे असंच चाललं तर पुढच्या महिन्यात गॅरेजच्या दारातच बसेल.

चाळीस वर्षं मी याच गाड्या केल्या. आता सापडत नाही म्हणून लिहितोय. तू तिकडे नांदेडला मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहेस, रोज तीसेक गाड्या हाताखालून जात असतील. बाप म्हणून विचारत नाही, मेकॅनिक म्हणून मेकॅनिकला विचारतो. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता. हे तुला कधी बोललो नव्हतो, पण कामाचं पत्र आहे म्हणून लिहून टाकतो.

आणखी एक, हे कामाचं नाही, पण कागद उरलाय. तीस डिसेंबरच्या अमावस्येला येळवस आहे. त्या वर्षी येळवसच्या दुसऱ्या दिवशी तू आणि अव्वा मुखेडच्या मावशीला डबा द्यायला म्हणून गाडीवर निघालात आणि पुलाजवळ ते झालं. तेव्हापासून तुझ्या अव्वाने, नीलम्माने, येळवसच्या शेंगा-पाल्याच्या भज्जीला हात लावलेला नाही. पहिल्या वर्षी पायात लोखंडी पट्टी होती, समजण्यासारखं होतं. पुढच्या वर्षी पाय धड होता, तरी नाही. आता विचारलं तर म्हणते, "पोरगी आल्याबिगर मी ते भांडं चुलीवर ठेवत न्हाई." श्रीमंतच्या शेतात निम्मी आळी जेवायला जाते आणि आम्ही दोघं घरी पिठलं खातो.

अपघात कोणाच्या चुकीने झाला, हा विषय मी काढत नाही. तू साठच्या पुढे पळवली असणार, पण तो विषय मी काढत नाही.

गाडीबद्दल कळव.

विरूपाक्ष गॅरेजवाला


नांदेड, २६ नोव्हेंबर २०२४

पत्र मिळालं.

प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, सायलेन्सर हे सगळं करून झाल्यावरच तुम्ही लिहिलं असणार, म्हणून ते विचारत नाही. एवढंच सांगा. गाडी बंद पडल्यावर पुन्हा सुरू कशी होते? तुम्ही खाली उतरल्यापासून परत किक मारेपर्यंत काय काय करता, ते जसं करता तसं लिहा. अंदाज लिहू नका. नेहमीसारखं मधलं गाळू नका.

तुम्हाला सापडत नाही म्हणजे तुम्ही स्वतः हात लावलेल्या जागी आहे. तिथं तुम्ही कधीच बघत नाही.

पत्राचं अव्वाला सांगू नका.

वर्षाराणी


जळकोट, २ डिसेंबर २०२४

वर्षाराणी,

पोस्टकार्डावर लिहितेस आणि अव्वाला सांगू नका म्हणतेस. पोस्टमनने ते तिच्याच हातात दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, देवळीत ठेवलं आणि मला म्हणाली, "आलंय काहीतरी गाडीचं." तेवढंच. पण त्या दिवशी चहात आलं होतं. या घरात चहात आलं पडून किती दिवस झाले, ते मी मोजलेले नाहीत.

"नेहमीसारखं मधलं गाळू नका" हे वाक्य मला आवडलं नाही. तरी प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर देतो.

काल सकाळी मुद्दाम काढली. मुखेड रस्त्याला लागलो. टाकी अर्धी. आठ किलोमीटरपर्यंत शहाण्यासारखी चालली. अकराव्याला तो चढ आहे ना, ज्याच्या माथ्यावर बाभळी आहेत, तिथं आवाज बसायला लागला. दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला, शेवटी बाभळीखाली थांबलो. खाली उतरलो. गाडीला दोन शिव्या दिल्या, हे तू गाळू नको म्हणालीस म्हणून लिहितो. मग प्लगची टोपी हलवून बघितली, घट्ट होती. मग पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवली, आत खळखळ ऐकली. झाकण लावलं. किक मारली, पहिल्या किकला सुरू. तिथून आणखी दहा-अकरा किलोमीटर गेली आणि परत तेच. परत उतरलो, परत शिव्या, परत झाकण, परत किक. येतानाही पहिल्यांदा असंच.

मला वाटलं इंजीन तापतंय आणि मी थांबलो की निवतं. म्हणून येताना दुसऱ्यांदा बंद पडल्यावर काहीच केलं नाही, नुसता बसून राहिलो. पाच मिनिटांनी किक मारली तर कुरकुरत सुरू झाली आणि फर्लांगभर जाऊन बसली. मग मात्र माझं डोकं चालेना. एक शेतकरी बैल घेऊन चालला होता, त्याने विचारलं, "काका, विकून का टाकत न्हाई?" मी त्याच्या बैलाकडे बघितलं आणि झाकण उघडून, परत लावून किक मारली.

आता मी हात कुठं कुठं लावला, ते. मागचा ब्रेक घासत असेल म्हणून चाक उचलून फिरवलं, मोकळं आहे. दोन्ही सायलेन्सर जाळून काजळी काढली. कार्बोरेटर तर इतक्या वेळा उघडलाय की त्याचे स्क्रू आता माझी वाट बघत असतात. टाकी धुतली, गंज नाही, जाळी साफ आहे. पेट्रोलची नळी नवी आहे. झाकण सिद्धरामने केलं आणि हवेचं भोक मी स्वतः पाडलं, बारीक सुईने, मोजून, मधोमध. टाकीला दुसरं कोणी हात लावत नाही. तुझ्या अव्वाने दसऱ्याला पूजा केली तेवढीच.

पुढच्या ब्रेकची तारही नवी टाकली आहे. लिव्हरपाशी जी गोळी अडकते, तिच्यासकट कंपनीची, आयती. जुन्या तारेबद्दल विचारू नको, तिचा या दुखण्याशी संबंध नाही.

श्रीमंतने विचारायला सांगितलंय, नांदेडला जेवणाचे हाल होतात का. मी विचारत नाही, तो विचारतोय.

विरूपाक्ष


नांदेड, ८ डिसेंबर २०२४

झाकण उघडलं की चालते, नुसतं थांबलं की चालत नाही. हे तुम्हीच लिहिलंय. परत वाचा.

पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येत नाहीये, म्हणून आतलं पेट्रोल उतरत नाही. तुम्ही झाकण उघडता तेव्हा हवा आत जाते आणि गाडी पुन्हा अकरा किलोमीटर पळते. तुम्ही पाडलेलं भोक बुजलंय. टाचणी घाला. जे निघेल ते फुंकून टाकू नका, कागदावर घ्या, आणि काय आहे ते मला लिहा. तिथं आपोआप काही भरत नाही, कोणीतरी भरतंय.

जेवण ठीक आहे. श्रीमंतकाकांना सांगा.

आणि जुनी तार कुठं आहे?

वर्षाराणी


जळकोट, १४ डिसेंबर २०२४

चि. वर्षाराणी,

टाचणी घातली. आधी काही लागेना, मग कटकन आत गेली आणि कागदावर पांढरा खडा पडला, तांदळाच्या कणीएवढा. मला वाटलं रंग असेल. नखाने चुरडला तर पीठ झालं. नाकाशी नेला, पेट्रोलचा वास आला आणि त्याच्या आतून आणखी एक वास आला, ओळखीचा.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. कागद नीलम्मापुढे धरला आणि जरा आवाज चढवूनच विचारलं, गाडीची पूजा करताना झाकणावर काय चोळून ठेवतेस? तुझ्या भक्तीपायी माझा दीड महिना गेला. ती भाकरी थापत होती. तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी वर्षातून एकदा दसऱ्याला चाकाला हळदकुंकू लावते," ती म्हणाली. "टाकीवर रोज सकाळी तीन बोटं कोण ओढतंय?"

मी म्हटलं, कोण?

"तुम्ही. तीन वर्षं झाली. मी खिडकीतनं बघते की."

आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

तू लिहायला लावलंस म्हणून लिहितो. तुला आठवत असेल, सकाळची लिंगपूजा झाली की मी कपाळाला भस्म लावायचो आणि बोटांवर जे ओलं भस्म उरायचं ते तुझ्या कपाळाला पुसायचो. शाळेत जाताना, कॉलेजात जाताना, आणि मग गॅरेजात यायला लागलीस तेव्हाही. तू म्हणायचीस, अप्पा, गिऱ्हाईक हसतात. मी म्हणायचो, हसू दे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा झाली, बोटं ओली होती आणि पुसायला समोर कपाळ नव्हतं. धुवून टाकायचं मन होईना. तसाच गॅरेजात गेलो, ताडपत्री वर केली आणि टाकीला पुसली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग हाताला सवयच लागली. आधी टाकीच्या पत्र्यावर लावायचो. दसऱ्यापासून पितळी झाकणावर लावायला लागलो, कारण पितळेवर ते उठून दिसतं. भोक माझ्याच हातचं आणि बूचही माझ्याच हातचं. मागच्या पत्रात मी लिहिलं की टाकीला दुसरं कोणी हात लावत नाही. खोटं लिहिलं नव्हतं. पण स्वतःचा हात मोजायचा असतो, हे मला सुचलं नाही.

तुझं रक्षण व्हावं म्हणून लावत होतो आणि रोज थोडाथोडा गाडीचा गळा दाबत होतो. हसायचं असेल तर हस. श्रीमंत तर बाकड्यावर आडवा होऊन हसला.

भोक साफ केल्यावर बाभळीपर्यंत जाऊन आलो. थांबली नाही. तुझं निदान बरोबर ठरलं.

आता जुनी तार. पत्र इथं संपवता आलं असतं. काल मी ते संपवलंही होतं, सही करून पाकीट चिकटवलं होतं. आज फोडलं.

तार माझ्याकडे आहे. देवघराच्या खालच्या खणात, जुन्या बिलांच्या मागे, कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. त्या येळवसच्या दिवशी संध्याकाळी तू म्हणालीस की पुढचा ब्रेक सैल लागतो. मी बघितलं तर तारेच्या टोकाची गोळी ढिली झाली होती. नवी तार टाकायला हवी होती, दुकानात होतीही. पण उदगीरचं एक गिऱ्हाईक गप्पा मारत बसलं होतं, मलाही शेतातून जेवून आल्याची सुस्ती होती, मी जुन्याच तारेवर कथलाचा डाग देऊन गोळी बसवली. डाग दिल्यावर पक्कडीत धरून ओढून बघायचं असतं. तुला मीच शिकवलं होतं, ओढून न बघितलेला डाग म्हणजे न दिलेला डाग. त्या दिवशी मी ओढून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुलाजवळ उसाची ट्रॉली आडवी आली, तू ब्रेक दाबलास आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकली असणार. दवाखान्यात मी तुला चारचौघांत बोललो. अव्वाचा पाय मोडलास, आजपासून माझ्या गॅरेजची पायरी चढू नको, असं बोललो. तू एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस. दंडाला बँडेज होतं, तसंच घेऊन उभी राहिलीस. तेव्हा मला खरंच वाटत होतं की चूक तुझी आहे. पण ते एकच रात्र वाटलं. सकाळी गाडी टेम्पोतून गॅरेजात आली, मी हँडल बघितलं, तार लोंबत होती आणि गोळी लिव्हरमध्ये तशीच अडकलेली होती. तू तेव्हा अजून जळकोटातच होतीस, मावशीच्या पोराबरोबर नांदेडला जायला दोन दिवस होते. मला उठून यायला पाच मिनिटं लागली असती. मी तार काढली, कापडात गुंडाळली आणि गाडीवर ताडपत्री टाकली.

तेव्हा लाज वाटली. मग उशीर झाला असं वाटलं. मग उशीर झालाय याचीच लाज वाटायला लागली. गणपतीत गाडी उघडली, ती मला गाडी चालवायची होती म्हणून नाही. ती धड करून तुला द्यावी आणि तार खणातच राहू द्यावी, असा माझा हिशोब होता. गाडीने तो चालू दिला नाही.

हे लिहायच्या आधी नीलम्माला सांगितलं. पाय तिचा मोडला होता, तिला आधी कळायला हवं होतं. तिने मोडलेल्या पायावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय? जिला सांगायचं तिला सांगा." आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. बरोबरच आहे.

चूक माझी होती, वर्षा. ट्रॉलीची नाही, तुझी नाही. तू साठच्या पुढे असतीस तरी ब्रेक लागला असता तर थांबली असतीस. मी तुझी माफी मागतो. कशी मागायची ते मला येत नाही, म्हणून जसं लिहिता आलं तसं लिहिलं.

येळवसला ये असं म्हणायचा हक्क मला नाही. अव्वाला भेटायला म्हणून आलीस तर मी तेवढे दिवस श्रीमंतच्या शेतावर झोपायला जाईन. पायरी तुझीच आहे, मी ती कोणत्या तोंडाने अडवली होती कोण जाणे.

अप्पा


नांदेड, २० डिसेंबर २०२४

अप्पा,

तार मी त्याच दिवशी बघितली होती. रस्त्यावर पडल्या पडल्या. अव्वा ओरडत होती, माझ्यासमोर लिव्हर हँडलला टेकलेली होती, गोळी तिच्यातच अडकलेली आणि तार सुटून लोंबत होती. डाग तुमचा आहे हे ओळखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

दवाखान्यात मी बोलले नाही, कारण तिथं निम्मं जळकोट जमलं होतं आणि लोक तुमच्याकडे गाड्या टाकतात. मला वाटलं, उद्या गाडी गॅरेजात येईल, तुम्हाला तार दिसेल आणि तुम्ही याल. दोन दिवस मी जळकोटातच मैत्रिणीच्या दारात बसून होते. तुम्ही आला नाहीत तेव्हा मी गेले. पायरीसाठी नाही गेले. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही, यासाठी गेले. तुमचा नंबर बंद केला तोही त्यासाठीच. फोनवर तुम्ही हवापाण्याचं बोलला असतात आणि मला रडू आलं असतं.

तीन वर्षं मला वाटायचं, सांगतील तेव्हा मी भांडेन. किती बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं. परवा पत्र वाचलं, सर्व्हिस सेंटरच्या मागच्या जिन्यावर बसून, आणि टाकीवर तीन बोटं ओढण्यापाशी आले तेव्हा ठरवलेलं काही आठवेना. साहेब विचारायला आले, काय झालं. मी सांगितलं, घरच्या गाडीचा फॉल्ट सापडला.

आता माझं. मी साठच्या पुढे होते. अव्वा मागून हळू चालव म्हणत होती आणि मी चिडवायला आणखी पिळत होते. हे मीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा सगळी चूक एकट्याने घेऊ नका, थोडी मला ठेवा.

सुट्टी मिळाली आहे. रविवारी, २९ तारखेला, सकाळच्या बसने मुखेडला उतरते. तुम्ही स्टँडवर गाडी घेऊन या. झाकण न उघडता आणायची. कुठं उघडलं तर मला कळेल, तुम्हाला खोटं लिहिता येतं पण बोलता येत नाही. तिथून जळकोटपर्यंत मी चालवणार, तुम्ही मागे बसायचं. निघायच्या आधी पुढची तार मी स्वतः ओढून बघणार.

श्रीमंतकाकांच्या शेतावर झोपायला जायची गरज नाही. थंडी आहे.

वर्षा


मुखेड, २९ डिसेंबर २०२४
बसस्टँडच्या बाकावरून

लाडके वर्षा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुझी बस यायला वेळ आहे आणि तू समोर आलीस की मला शब्द फुटणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून हातात द्यायला लिहून ठेवतो. तू म्हणालीस तेच खरं, मला बोलता येत नाही.

झाकण उघडलेलं नाही. बाभळीच्या चढावर हात आपोआप तिकडे गेला होता, तो मांडीवर आपटला. गाडी एकदाही बसली नाही. पुलावरून येताना मात्र मीच थांबलो. खाली उतरलो, कठड्याला जिथं अजून खरवडलेलं दिसतं तिथं उभा राहिलो. त्या पुलाजवळ मी तीन वर्षांत थांबलो नव्हतो, तोंड फिरवून जायचो. पाच मिनिटं थांबलो आणि निघालो. काही घडलं नाही, पण बरं वाटलं.

घरची खबर. तुझं पत्र नीलम्माला मी वाचून दाखवलं. 'चिडवायला आणखी पिळत होते' इथपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "मला ठावं हाय की. मी मागंच बसले व्हते." म्हणजे तुझं तिला माहीत होतं आणि माझं तुला माहीत होतं. आपल्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, नुसतं बोलायचं राहतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली. पहिलं वाक्य असं होतं, "तुरीच्या शेंगा आणा, हरभऱ्याचा पाला आणा, आन् चिंच जुनी बघून आणा." काल दिवसभर मी तिच्या हाताखाली शेंगा सोलत होतो. मोठं भांडं माळ्यावरून उतरवलंय, चिंचेने घासून लखलखीत केलंय. वाफवायच्या उंड्यांसाठी बाजरीचं पीठ दळून आणलंय. पहाटे चूल पेटेल म्हणाली. श्रीमंतला निरोप गेला आहे की उद्या आमची तीन पानं धर. तो म्हणाला, "व्हय, पण गाडीचं झाकण उघडून दाखवायचं पोरगीला."

पुढची तार मी रोज दोनदा ओढून बघतो. तू आल्यावर तू ओढ. माझ्या शब्दावर विसंबू नको, पक्कड डब्यात आहे. जुनी तारही आणलीय, कापडासकट. ती तुझ्याकडे ठेव. गॅरेजात पुढे कोणाला डाग द्यायला शिकवशील तेव्हा दाखवायला उपयोगी पडेल. गॅरेज पुन्हा बघशील का, हे मी आज विचारत नाही. पण मी ताडपत्री घडी करून टाकून दिली आहे, एवढं लिहून ठेवतो.

हेल्मेट दोन आणली आहेत. माझ्या आयुष्यात मी या गाडीवर मागे बसलेलो नाही. पाय कुठं ठेवायचे ते तू सांग. आणि हळू चालव, असं मी एकदाच म्हणेन.

आज सकाळी पूजा झाली तेव्हा बोटं ओली होती. सवयीने गॅरेजात गेलो, गाडीपाशी उभा राहिलो, हात झाकणापर्यंत नेला आणि तिथंच थांबलो. मग परत घरात आलो आणि उरलेलं भस्म कागदाच्या पुडीत पुसून घेतलं. नीलम्मा बघत होती, तिने पुडी सुटू नये म्हणून वर दोरा तेवढा बांधून दिला. पुडी वरच्या खिशात आहे. वाळलं असेल, पण इथं नळ आहे, बोट ओलं करता येईल.

नांदेडची बस फाटकातून आत वळतेय. खिडकीशी कोण बसलंय ते इथून नीट दिसत नाही. हे पत्र तू मागाहून वाच. आधी कपाळ पुढे कर.

अप्पा